डावखुऱ्या मुलांचा संच: कात्री घ्या, बाकीचा डबा दुकानातच राहू द्या

शाळा उघडण्याआधीच्या पंधरवड्यात ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास, गोखले रोडवर किंवा वाशीला सेक्टर १७मध्ये वह्या-पुस्तकांच्या खरेदीला गेलात, तर काही दुकानांत ‘लेफ्टी किट’ लिहिलेला रंगीत डबा दिसतो. ऑनलाइन तर असे डबे ढिगाने आहेत. वेष्टन कुठलंही असो, आतला माल ठरलेला: कात्री, शार्पनर, उलट्या आकड्यांची पट्टी, पेन्सिलीवर चढवायची रबरी पकड, ‘डावखुऱ्यांचं’ पेन, उजवीकडे स्पायरल असलेली वही, आणि मूल डावखुरं आहे का ते ओळखून त्याच्या ‘उजव्या मेंदूची ताकद’ जागवायला सांगणारं एक माहितीपत्रक. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण डबा बदलला तरी गुणदोष तेच राहतात.

निकाल आधीच सांगून टाकू. सहा वस्तूंपैकी पैसे वसूल करणारी एकच, कात्री, आणि तीही खरी असेल तर. रबरी पकड बरी आहे, पण ती सुटी मिळते. उरलेल्या चार वस्तूंना घरच्या घरी फुकट किंवा स्वस्त पर्याय आहेत. माहितीपत्रक वाचून चुकीची समजूत होते, म्हणून ते न वाचलेलंच बरं.

कात्रीपासून सुरुवात करू, कारण ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो तिथेच. कात्रीचं डावं-उजवं मुठीत नसून पात्यात असतं. टोकं समोर करून कात्री कापायच्या स्थितीत धरा. वरचं पातं उजव्या अंगाला असेल तर ती उजव्या हाताची, डाव्या अंगाला असेल तर डाव्या हाताची. कात्री पालथी केली तरी यात फरक पडत नाही. खालचं पातं वर येतं आणि तेही पुन्हा त्याच अंगाला दिसतं. त्यामुळे ‘उलटी धरून वापर’ या सल्ल्याला अर्थ नाही.

फरक पडतो तो दाबामुळे. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा नकळत बाहेरच्या बाजूला रेटतो आणि बोटं आत ओढतात. उजव्या कात्रीत या रेट्याने दोन्ही पाती एकमेकांना चिकटून सरकतात आणि कागद कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात दिली की रेटा उलटा होतो, पात्यांमध्ये बारीक फट पडते आणि कागद कापला न जाता फटीत दुमडून अडकतो. मूल मग जोर लावतं, अंगठ्याच्या मुळाशी वळ उठतो, आणि कार्यानुभवाच्या तासाला ‘हाताला वळण नाही’ असा शेरा मिळतो. दुसरी अडचण नजरेची. उजव्या कात्रीत कापायची रेघ डावीकडून दिसते. डाव्या हातात धरल्यावर वरचं पातं नेमकं रेघ आणि डोळा यांच्या मध्ये येतं. मूल मान वाकडी करून कापायला लागलं की समजावं, रेघ दिसत नाहीये.

बाजारात ‘लेफ्टी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कात्र्यांत फक्त प्लास्टिकची मूठ उलट्या साच्यातली असते, पाती उजवीच. हा प्रकार साध्या कात्रीपेक्षा वाईट, कारण मूठ हाताला नीट बसते म्हणून संशय येत नाही आणि कागद मात्र दुमडतच राहतो. ‘दोन्ही हातांसाठी’ असं लिहिलेल्या कात्रीचंही तेच. मूठ सरळ असली तरी पातं कुठल्या ना कुठल्या एकाच अंगाला असणार, आणि ते जवळजवळ नेहमी उजवं असतं.

म्हणून दुकानात पाकीट उघडून घ्या. दुकानदार कुरकुरला तर ‘काका, पातं बघूनच घेतो’ म्हणा, एवढं चालतं. सोबत वर्तमानपत्राचं एक पान आणि धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी असू द्या. डावखुऱ्या माणसाने डाव्या हाताने एकेरी कागद पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत एका झटक्यात कापावा. शेवटचा सेंटिमीटर कापला गेला नाही किंवा पिशवी ताणली गेली, तर ती कात्री नको. मग बिजागरी बघा. स्क्रू असेल तर घट्ट करता येतो, रिव्हेट असेल तर नाही. ताण योग्य आहे का ते बघायला एक मूठ आडवी धरा, दुसरं पातं पूर्ण उघडून सोडा. पातं थोडं खाली येऊन मध्येच थांबलं तर ताण ठीक. धाडकन मिटलं तर सैल, हललंच नाही तर फार घट्ट. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

बालवाडी ते दुसरीसाठी पाच इंची, बोथट टोकाची कात्री पुरते. चौथीनंतर साडेसहा-सात इंची. संचात बहुधा पाच इंचीच असते, म्हणजे दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागणार. शिवणकामाची डावी कात्री हा वेगळा विषय. जांभळी नाक्याला मिळणाऱ्या पितळी मुठीच्या मेरठी कात्र्या टिकाऊ असतात, त्यांना २०१३मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण फळीवर लटकलेली प्रत्येक कात्री उजवीच असते असं समजून चाला आणि डावी हवी असेल तर आधी विचारून ठेवा.

आता प्रश्न असा, की कात्री वेगळी लागते तर पेन, पट्टी, पेला, चमचा हेही वेगळं का लागू नये? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर माणसांवरच्या नाही, चिंपांझींवरच्या अभ्यासातून मिळतं.

माणसांत साधारण दहातला एक डावखुरा. २०२० साली वीस लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून हा आकडा १०.६ टक्के काढला गेला. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान या मोठ्या कपींमध्ये असं काही आहे का, यावर अनेक दशकं वाद चालू आहे. (येऊरच्या जंगलात दिसणारी माकडं आणि काळतोंडी वानरं यात येत नाहीत. कपींना शेपूट नसतं, आणि भारतात रानात राहणारा कपी म्हणजे फक्त ईशान्येकडचा हूलॉक गिबन, तोही लहान कपींच्या कुळातला.) टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात मॅकग्रू आणि मर्चंट या संशोधकांनी चिंपांझींच्या रोजच्या हालचाली नोंदवल्या: खाणं उचलणं, खाजवणं, फांदी धरणं. त्यात कळपाचा कल एका हाताकडे आहे असं दिसलं नाही. फळ डावीकडे असेल तर डावा हात, उजवीकडे असेल तर उजवा. एक हात फांदीला गुंतला असेल तर दुसरा.

विल्यम हॉपकिन्स यांनी मग प्रश्नच बदलला. त्यांनी प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा घेतला, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर व्यासाचा. दोन्ही टोकांना आतून सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंत पीनट बटर लावलं आणि तो चिंपांझीला दिला. तोंड लावून चाटता येत नाही. एका हाताने पाइप धरायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घालून बटर काढायचं. म्हणजे दोन्ही हातांना काम आहे, पण वेगवेगळं. १९९५ साली ११० चिंपांझींवर हे करून पाहिलं तेव्हा कल स्पष्ट दिसला. २०११ साली हीच चाचणी ७७७ मोठ्या कपींवर झालेली मांडली गेली: ५३६ चिंपांझी, ११८ बोनोबो, ७६ गोरिला आणि ४७ ओरांगउटान. पहिल्या तिघांचा कल उजवीकडे, ओरांगउटानचा डावीकडे. चिंपांझींमध्ये उजवे-डावे हे प्रमाण साधारण दोनास एक आहे. माणसासारखं नवास एक नाही.

या निष्कर्षांवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. एकाच वेळी पाइप धरून दहादा बोट घातलं तर त्या दहा स्वतंत्र नोंदी मानायच्या की एक? पामर यांनी २००२ साली आकड्यांच्या अशाच हाताळणीवर बोट ठेवलं. पिंजऱ्यातले कपी उजव्या हाताच्या माणसांच्या सहवासात वाढतात, त्याचा परिणाम असेल का, हाही प्रश्न विचारला गेला. रानात चित्र गुंतागुंतीचं आहे: २००५ साली गोम्बेच्या चिंपांझींमध्ये काडीने वाळवी काढताना डावा हात पुढे असल्याचं दाखवलं गेलं, तर इतर ठिकाणच्या नोंदींत दगडाने कवच फोडताना उजवा. पण आपल्या खरेदीसाठी लागणारा मुद्दा दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा आहे. साधं उचलणं-ठेवणं हाताचा कल नीट सांगत नाही. कामाची वाटणी दोन हातांत झाली, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने बारीक काम करायचं, की कल उघडा पडतो.

कात्री नेमकी अशी वस्तू आहे. एक हात कागद धरून वळवतो, दुसरा कापतो, आणि वर अवजार स्वतःच एकांगी आहे. पेला तसा नाही. पेनही तसं नाही.

माहितीपत्रकातली चाचणी इथेच कोसळते. त्यात म्हटलेलं असतं: मुलासमोर खेळणं ठेवा, तो कुठल्या हाताने उचलतो ते पाच वेळा बघा, तीन वेळा डावा आला तर मूल डावखुरं. गोम्बेला ज्या प्रकारच्या हालचालींतून काही निष्पन्न झालं नाही, त्याच प्रकारची ही हालचाल, आणि तीही फक्त पाच वेळा. नाणं पाच वेळा उडवलं तरी निम्म्या वेळा तीन किंवा अधिक छापे पडतात.

मूल चार वर्षांचं झालं असेल तर त्यापेक्षा पाइपचीच चाचणी घरी करा. खर्च जवळपास शून्य. हार्डवेअरच्या दुकानात पिण्याच्या पाण्यासाठीचा एक इंची पाइप मागा. पूर्ण लांबी नको, कापून उरलेला अर्ध्या फुटाचा तुकडा बहुतेक ठिकाणी असाच मिळतो. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, वाळवा. आतून तीन सेंटिमीटरपर्यंत जॅम, चॉकलेट स्प्रेड किंवा घट्ट श्रीखंड लावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पीनट बटर नकोच. श्रीखंड पातळ असेल तर ओघळून बाहेर येतं आणि मूल जिभेने चाटून मोकळं होतं, मग चाचणी फुकट. एक इंचाहून जाड पाइप घेतलात तर लहान मुलाला तो एका हातात धरवत नाही, आणि ते पाइप टेबलावर टेकवून बोट घालतं. मग धरणारा हात मोकळा राहतो आणि कोणता हात कशाला लागतो तेच कळत नाही.

पाइप मुलाच्या हातात देऊ नका. समोर, छातीच्या मध्यरेषेवर, टेबलावर आडवा ठेवा आणि लांब व्हा. आईच्या मांडीवर बसून चाचणी करू नये, कारण एक दंड आईच्या अंगाला टेकलेला असतो आणि तो हात आपोआप ‘धरणारा’ होतो. बोट आत जाऊन तोंडात गेलं की एक खूण. बाहेर सांडलेलं पुसून चाटलं तर धरायचं नाही. एका बैठकीत आठ-दहा खुणा पुरेत. वेगवेगळ्या दिवशी चार बैठका घ्या. त्याच कागदावर आणखी एक रकाना ठेवा: पाइप खाली ठेवून पुन्हा उचलला की नवी फेरी. पामर यांचा आक्षेप घरच्या चाचणीलाही तितकाच लागू आहे. सगळ्या तीस खुणा दोनच फेऱ्यांतल्या असतील तर त्या तीस धरू नका.

मग हिशेब. उजव्यातून डाव्या वजा करा आणि एकूण खुणांनी भागा. उत्तर अधिक एक ते उणे एकच्या मध्ये येतं. अधिक एक म्हणजे पूर्ण उजवा, उणे एक म्हणजे पूर्ण डावा. समजा तीस खुणांत चोवीस डाव्या आणि सहा उजव्या, तर उत्तर येतं उणे ०.६. हा कल योगायोगाचा नाही ना, हे बघायला तोच फरक, म्हणजे अठरा, एकूण खुणांच्या वर्गमुळाने भागा: तीसचं वर्गमूळ साधारण ५.४८, भागाकार सुमारे ३.३. हा आकडा १.९६च्या वर गेला तर कल खरा मानायचा. वीस डाव्या आणि दहा उजव्या असतील तर भागाकार १.८३ येतो, म्हणजे अजून ठरलेलं नाही. अशा मुलासाठी डबा घेण्याची घाई नको. आणखी दोन दुहेरी कामं बघा: डाव्या-उजव्या कुठल्या हाताने बरणी धरून कुठल्याने झाकण फिरवतं, आणि मोसंबं कुठल्याने धरून कुठल्याने सोलतं. तिन्हीत एकच हात बारीक काम करत असेल तर प्रश्न मिटला.

एवढ्यावरून कुणी ‘पण तो क्रिकेट उजव्या हाताने खेळतो’ म्हणेल. खेळू द्या. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्या हाताने. सौरव गांगुलीची फलंदाजी डावी, गोलंदाजी उजवी. बॅट दोन्ही हातांनी धरायची असते, त्यामुळे लिहिण्याच्या हाताशी तिचा संबंध सैल आहे. क्रिकेटची खरेदी करताना लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की फलंदाजीच्या ग्लव्ह्जमध्ये डावं-उजवं वेगळं असतं, बॅटमध्ये नसतं; आणि तिथे विचारायचं ते मूल उभं कसं राहतं हे, लिहितं कशाने हे नाही.

डब्यातल्या बाकीच्या वस्तू झटपट बघू. शार्पनर: यात पातं उलट बाजूला बसवलेलं असतं, म्हणजे डाव्या हाताला पेन्सिल बाहेरच्या दिशेने फिरवता येते. अडचण खरी आहे, पण तोड सोपी: पेन्सिल डाव्या हातात स्थिर धरायची आणि उजव्या हाताने शार्पनर फिरवायचा. शिवाय घरात उजव्या हाताचं दुसरं मूल असेल तर ते डावा शार्पनर नेहमीच्या दिशेने फिरवतं, पातं लागतच नाही, आणि दोन दिवसांत शार्पनर खराब ठरवून फेकला जातो.

पट्टी: शून्य उजवीकडे, आकडे डावीकडे वाढत जाणारे. डावखुरं मूल रेघ उजवीकडून डावीकडे ओढतं हे बरोबर, पण पहिली-दुसरीत संख्यारेषा डावीकडून उजवीकडे शिकवली जात असताना हातात उलटी पट्टी देणं म्हणजे नसता घोळ. साधी पारदर्शक पट्टी घ्या. मोजायचं शून्यापासून आणि रेघ ओढायची दुसऱ्या टोकाकडून.

पेन: पेनला डावं-उजवं नसतं. शाई फासली जाते ती हात लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकतो म्हणून. जेल पेन उशिरा वाळतं, म्हणून ते टाळा. साधं बॉलपेन बरं. खरा उपाय कागदाच्या कोनात आहे. वही शरीराच्या मध्यरेषेच्या थोडी डावीकडे ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ३० ते ४५ अंश फिरवा, म्हणजे खालचा उजवा कोपरा पोटाकडे येतो. मनगट ओळीच्या खाली राहतं, हात आकड्यासारखा वळवावा लागत नाही आणि नुकतं लिहिलेलं दिसतं. पेन्सिल टोकापासून तीन-चार सेंटिमीटर वर धरायला लावा. उजव्या हाताच्या मुलापेक्षा थोडी वर, नाहीतर बोटांनी अक्षर झाकलं जातं. देवनागरीत आणखी एक गोष्ट घडते. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे काढताना डाव्या हाताला पेन ढकलावं लागतं, त्यामुळे रेघ थरथरते किंवा टोक कागदात रुततं. अशी मुलं कधी कधी शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढतात. ओढू द्या. वाचणाऱ्याला रेघ दिसते, तिची दिशा दिसत नाही. वर्गशिक्षिकेशी एकदा बोलून घेतलं तर वहीतल्या लाल शेऱ्यांचा त्रास वाचतो.

वही: उजवीकडे स्पायरल असलेली ही वही जाते महिनाभर, आणि तशीच दुसरी मिळत नाही. वर स्पायरल असलेलं पॅड कुठल्याही दुकानात मिळतं आणि डाव्या हाताला तितकंच सोयीचं आहे. शाळेच्या शिवलेल्या वहीत अडचण मुळातच कमी. रबरी पकड तीन बाजूंची आणि सारखी असेल तर दोन्ही हातांना चालते. अंगठ्यासाठी खळगा असलेली घेतलीत तर तिच्यावर डाव्या हाताची खूण आहे ना हे तपासा, नाहीतर पकड सुधारायच्या ऐवजी बिघडते.

स्वयंपाकघराचं एका वाक्यात: विळीला डावं-उजवं जवळपास नाही, दोन्ही पात्यांच्या फिरत्या सालकाढणीलाही नाही, पण एकाच कडेला धार असलेली साधी सालकाढणी आणि एकाच अंगाला चोच असलेली पळी डावखुऱ्याला कायम छळते, तेव्हा दोन्हीकडे चोच असलेली पळी बघा.

आता मेंदू. माहितीपत्रकात डोक्याचं चित्र असतं, अर्धं निळं, अर्धं गुलाबी. निळ्या बाजूला गणित आणि तर्क, गुलाबीला कला आणि कल्पना. डावा हात उजव्या मेंदूकडून चालतो, म्हणून डावखुरं मूल कलावंत, असा सरळ हिशेब. यातलं पहिलं वाक्य खरं आहे: हातापर्यंत जाणारे बहुतेक मज्जातंतू बाजू ओलांडतात, डाव्या हाताची हालचाल मुख्यतः उजव्या गोलार्धातून होते. पुढचा निष्कर्ष मात्र हवेत आहे.

भाषेचं उदाहरण घ्या. क्नेक्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ३२६ निरोगी माणसांमध्ये भाषा कुठल्या गोलार्धात प्रबळ आहे ते मोजलं. ठाम उजव्यांपैकी सुमारे ४ टक्के लोकांत ती उजवीकडे होती, ठाम डावखुऱ्यांत २७ टक्के. म्हणजे ठाम डावखुऱ्यांतही बहुतेकांची भाषा उजवीकडे गेलेली नसते. हात आणि भाषा यांचं नातं आहे, पण एकावरून दुसरं ओळखता येईल इतकं घट्ट नाही.

कपींमध्ये ही फारकत आणखी स्पष्ट दिसते. माणसाच्या मेंदूत ऐकण्याच्या भागामागे प्लॅनम टेम्पोराल नावाचा पट्टा आहे, आणि तो भाषेशी जोडला जातो. गेश्विंड आणि लेवित्स्की यांनी १९६८ साली १०० मेंदू मोजले, तेव्हा ६५ मेंदूंत तो डावीकडे मोठा होता आणि ११मध्ये उजवीकडे. तीस वर्षांनी, १९९८ साली, गॅनन आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींचे १८ मेंदू मोजले आणि त्यातल्या १७ मध्ये तो डावीकडे मोठा निघाला. बोलता न येणाऱ्या प्राण्यात डावी बाजू माणसाइतकीच, किंबहुना जास्त ठळक. पण चिंपांझी काही अठरापैकी सतरा उजवे नसतात. २००४ साली हॉपकिन्स आणि कँटालुपो यांनी चिंपांझींच्या हाताचा कल थेट मेंदूच्या मापांशी ताडून पाहिला. हाताचा संबंध लागला तो हालचाल चालवणाऱ्या भागाच्या डाव्या-उजव्या फरकाशी. भाषेच्या जागांशी जुळणाऱ्या भागांशी नाही. तेव्हा हात बघून मेंदूची ‘प्रबळ बाजू’ सांगणाऱ्या माहितीपत्रकाला चिंपांझीच्या बाबतीतही आधार नाही, मुलाच्या बाबतीत तर सोडाच.

निळा-गुलाबी मेंदू आला कुठून? रॉजर स्पेरी यांना १९८१ साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं, ते दोन गोलार्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरचं होतं. दुवा शाबूत असलेल्या माणसाला त्यातून ‘डाव्या मेंदूचा’ किंवा ‘उजव्या मेंदूचा’ अशी जात चिकटवली ती पुढच्या विक्रेत्यांनी. २०१३ साली १,०११ माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासून बघितलं गेलं, की काही माणसांत एकच गोलार्ध एकूण जास्त चालतो का. तसं काही आढळलं नाही. माहितीपत्रकात शेवटी असलेला ‘रोज पंधरा मिनिटं दुसऱ्या हाताने लिहा’ हा व्यायाम त्यामुळे मनावर घेऊ नका. पहिलीतल्या मुलाला दुसऱ्या हाताने लिहायला लावून दोन्ही हातांचं वळण बिघडतं, एवढंच हाती लागतं. याच चित्राच्या आधारे घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या एखाद्या सोसायटीत ‘उजवा मेंदू’ वर्गाची जाहिरात आली, तर शुल्क भरण्याआधी एक प्रश्न विचारा: मुलाच्या हाताचा कल तुम्ही कसा मोजता? ‘खेळणं कुठल्या हाताने उचलतो ते बघून’ असं उत्तर आलं तर समजून जा.

किंमत दुकानागणिक बदलते, पण सुटी डावी कात्री साध्या कात्रीच्या दुप्पट-तिप्पट पडली तरी अख्ख्या डब्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. ऑनलाइन मागवताना पात्याचा फोटो मोठा करून बघा. टोकं वर असलेल्या फोटोत कुठलं पातं पुढे आहे ते नेहमी कळत नाही, आणि काही विक्रेते उजव्या कात्रीचाच फोटो आरशात उलटवून टाकतात. पात्यावरची अक्षरं उलटी दिसली तर ओळखा. परत घेण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, आणि पाकीट आलं त्या दिवशीच कागद कापून बघा. चिकटपट्टी कापून पात्यांवर डिंक बसला की डावी कात्रीही अडकायला लागते. खोबरेल तेलाच्या बोळ्याने डिंक पुसा, मग पातं कोरडं करून बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

शाळेत अजून एक बदल लगेच करून घेता येतो, आणि त्याला काहीच खर्च नाही. दोघांच्या बाकावर डावखुऱ्या मुलाला डाव्या टोकाला बसवायला सांगा. उजवीकडे बसलं तर त्याचा डावा कोपर आणि शेजाऱ्याचा उजवा कोपर दिवसभर एकमेकांवर आदळतात, दोघांची अक्षरं बिघडतात आणि रागावणी बहुधा डावखुऱ्याच्याच वाट्याला येते. कॉलेजात आणि क्लासमध्ये उजवीकडे लिहायची फळी असलेल्या खुर्च्या असतात. साठ जणांच्या वर्गात पाच-सहा डावखुरे असणारच, तेव्हा डाव्या फळीच्या तेवढ्या खुर्च्या मागणं वावगं नाही. त्या मिळेपर्यंत डावीकडची खुर्ची मोकळी असेल तिथे बसून त्या मोकळ्या खुर्चीची फळी वापरता येते, तीही वर्ग भरलेला नसेल तरच.